दारापर्यंतचं संगीत

"वाजे पाऊल पाऊल, कोण आलं गं दारात,
दिवा विझला विझला, वारा हसतो घरात…"

आत्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. बारीक, जरासा फाटका, उसवलेल्या उशीसारखा. मऊ, पण मधूनच काहीतरी टोचणारा. दुपारी मला झोपवायचं म्हणून ती हे म्हणायला घ्यायची आणि म्हणता म्हणता आवाज इतका खाली न्यायची, की मी तिचं बोट मुठीत आवळून श्वास रोखून पडायचो. "आणि मग दार आपोआप उघडलं… आणि आत…" इथं माझा ओठ थरथरायचा. तो थरथरला की आत्या विरघळायची. "आत मांजर होतं रे सोन्या! मांजर!"

आत्याच्या गोष्टींत इतकी भुतं येऊन गेली, पण एकही टिकलं नाही. सगळ्यांची मांजरं झाली. आज पन्नाशी उलटल्यावर मला वाटतं, त्या माउलीनं माझं पुरतं वाटोळं केलं. कारण पुढं मी संगीतकार झालो, आणि माझ्या प्रत्येक चालीच्या शेवटी एक मांजर येऊन बसू लागलं.

माझं नाव तुम्हाला ठाऊक नसेल, पण अंघोळ करताना तुम्ही मला गुणगुणलं असेल. साबण माझा. बिस्किट माझं. लहान मुलांच्या खोकल्याचं औषध माझं. गोड चार ओळी, शेवटी सूर घरी आणून ठेवायचा, की आईबाप निश्चिंत आणि मालाचा खप सुरू. वादक मंडळी मला 'साखरमास्तर' म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणजे प्रेमानंच म्हणत असावेत, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली आहे.

अशा माणसाकडे भयपट आला.

दिग्दर्शिका माझ्या लेकीच्या वयाची. माझ्या खोलीत आली, खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आणि म्हणाली, "सर, लहानपणी तुमचं बिस्किटाचं गाणं म्हटल्याशिवाय मी दूध प्यायचे नाही. म्हणून तुम्हीच हवे आहात. तुमच्या सुरावर लोकांचा विश्वास आहे. विश्वासातल्या माणसानं घाबरवलं, की माणूस खरा घाबरतो."

मी आतून फुललो आणि वरून विचारमग्न दिसायचा प्रयत्न केला. विचारमग्न दिसताना मी दाढ दुखत असल्यासारखा दिसतो, असं माझी बायको म्हणते. दिग्दर्शिकेनंही विचारलं, "सर, बरं वाटतंय ना?"

अट एकच होती. निर्मात्याच्या मनात दुसराच संगीतकार होता. त्याचे म्हणे नुसते फोटो पाहूनही धडकी भरते. तेव्हा आधी मी एकच प्रसंग करून दाखवायचा. चाळीस वादकांचा पूर्ण ताफा मिळेल. तो प्रसंग पाहून अंगावर काटा आला तर चित्रपट माझा, नाही आला तर मी माझ्या साबणाकडे परत. आयुष्यभर चार माणसांत भागवलेल्या माझ्यासारख्याला चाळीस वादक म्हणजे बारक्या तळ्यातल्या बेडकाला समुद्र दाखवण्यासारखं होतं. मी हो म्हणालो. बेडूक दुसरं काय म्हणणार?

प्रसंग साधा होता. एक बाई बऱ्याच वर्षांनी आपल्या रिकाम्या घरी येते. लांब बोळ, बोळाच्या टोकाला बंद दार. आतून कुणीतरी घसा खाकरल्याचा आवाज येतो. ती चालत जाते, मधे खिडकीपाशी जरा थांबते, मग कडीला हात घालते, दार उघडते. आत काही नाही. फक्त एक खुर्ची, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

पहिल्या खेपेला मी नगारे घातले. बाईच्या प्रत्येक पावलाला एक ठोका, दारापाशी पितळी वाद्यांचा गडगडाट. संगणकावरच सगळा कच्चा आराखडा वाजवून दिग्दर्शिकेला ऐकवला. तिनं ओठ दाबून धरले. आधी वाटलं घाबरली, मग कळलं हसतेय.

"सर, हे ऐकून भूतच सावध होईल. मागच्या दारानं निघून जाईल बिचारं."

"म्हणजे जरा कमी करू?"

"सर, तुमचं संगीत बाईच्या बरोबरीनं चालतंय. सोबत केल्यासारखं. सोबत असली की भीती कशाला वाटेल? संगीताला तिच्या आधी कळायला हवं. तिला माहीत नाही, आपल्याला माहीत नाही, पण व्हायोलिनला माहीत आहे, असं."

पोरगी खरं बोलत होती. मी घरी जाऊन व्हायोलिनं चार भागांत वाटली. चौघांनी शेजारशेजारचे सूर धरायचे, इतके शेजारचे की एकमेकांना कोपर लागावं. एकट्यानं धरला तर प्रत्येक सूर निष्पाप. चारही एकत्र आले की दातांत वाळू आल्यासारखं होतं. गज तारेच्या पार टोकाला, तारा उचलून धरणाऱ्या घोडीजवळ घासायचा, म्हणजे सुरातला गर जातो आणि नुसतं हाड उरतं. खाली चेलो आणि डबल बास एकच खर्ज धरून बसलेले. न वाढणारा, न सरणारा. त्यात पाऊल नाही, ठोका नाही. ऐकताना माणसाला कळू नये की पुढं काय, आणि पुढं काहीतरी आहे एवढं मात्र नक्की कळावं. भीतीची सगळी कारागिरी एवढीच. कान पुढच्या सुराची वाट बघतो, आणि आपण तो देत नाही.

मी दिला. स्वरलिपीतल्या शेवटच्या दोन मापांत चारही व्हायोलिनं सावकाश वेगळी झाली, खर्ज एक पायरी उतरून षड्जावर आला, आणि सगळं घर कसं निवांत झालं.

"सर," दिग्दर्शिका म्हणाली, "सगळं अप्रतिम. अंगावर काटा येत होता. आणि दार उघडताना तुम्ही तिला शाल का पांघरलीत?"

मी शेवटची दोन मापं खोडली. सकाळी उठून पाहतो तर पुन्हा लिहिलेली. अक्षर माझंच. दात घासता घासता लिहिली असावीत. पुन्हा खोडली. दुपारी जेवून डोळा लागला, उठलो, तर हातात पेन्सिल आणि षड्ज परत आपल्या जागी. लोकांच्या घरात भूत आपोआप दारं उघडतं. माझ्या घरात मी आपोआप ती लावून घेत होतो.

घरात परीक्षकही काही कमी नव्हते. बायकोला ऐकवलं. ती शेंगा सोलत होती. शेवटपर्यंत एक शेंग हातून सुटली नाही.

"छान आहे," ती म्हणाली. "खोकल्याच्या औषधाचं ना?"

"भयपटाचं आहे!"

"हो? मग खोकलेकरी माणूस घाबरेल जरा."

बाबांना ऐकवणं हे खरं दिव्य. बाबांनी चाळीस वर्षं चित्रपटांच्या ताफ्यात डबल बास वाजवला. व्हायोलिनचा पणजोबा म्हणावं असं ते वाद्य. उभं राहून मिठी मारल्यासारखं वाजवायचं. बाबांची त्यावर एकच श्रद्धा. "वरच्यांनी कितीही नाचावं," ते म्हणत, "घर आमच्या जोत्यावर उभं असतं. शेवटचा सूर आम्ही खाली ठेवला की मगच लोक टाळ्या वाजवतात." माझ्या कामाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही, कारण त्याला ते संगीतच म्हणत नसत. 'तुझं ते साबणाचं', 'तुझं ते बिस्किटाचं'. वाण्याकडे सामान सांगावं तसं.

भीती हा शब्द तर त्यांच्या कोशातच नव्हता. आजारपण, ऑपरेशन, आई गेल्यानंतरचं घर, सगळ्याला एकच उत्तर. त्यांनी कानाला हेडफोन लावून माझा तुकडा ऐकला, हेडफोन काढला, नीट गुंडाळला.

"मग?" मी विचारलं.

"बास बरा लिहिलायस."

"आणि भीती?"

"यात घाबरायचं काय?"

त्या आठवड्यात माझ्या कामानं एकच माणूस घाबरला, तो मी. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी बाबांच्या खोलीत चष्मा शोधायला गेलो, तर कोपऱ्यात चादर पांघरून कुणीतरी उंचच्या उंच उभं. मी जी किंकाळी फोडली, ती रेकॉर्ड केली असती तर सगळा प्रश्न तिथंच मिटला असता. धूळ बसू नये म्हणून बाबांनी आपल्या बासला चादर घातली होती. बायको हसून हसून खाली बसली. बाबा म्हणाले, "पोरा, तो तुला लहानपणापासून ओळखतो."

रेकॉर्डिंगचा दिवस उजाडला. चाळीस वादक खुर्च्यांत, प्रत्येकाच्या कानात तालाची टकटक देणारा हेडफोन. समोर पडदा, अजून कोरा; चित्र नंतर जोडून बघायचं होतं. मी उभा राहिलो आणि हातात काठी घेतली. काठीही उसनी, साबणाला काठी लागत नाही.

वाजायला लागलं आणि मी विसरलो, की हे मी लिहिलंय. कागदावर चार काळे ठिपके होते. खोलीत ते जिवंत झाले आणि हळूहळू भिंतीवर चढू लागले. व्हायोलिनवाल्या बाई इतक्या हळू गज ओढत होत्या, की हात हलतोय की नाही कळेना. खालून दोन बास, पोटात बर्फाची लादी ठेवल्यासारखे. आणि शेवटी, कबूल करतो, माझी दोन मापं. होय, ती कागदावर होती. खोडून खोडून कागद झिजला, पण ती नाही झिजली. सूर घरी आले, ताफ्यानं सुस्कारा सोडला, सनईच्या चुलत बहिणीसारखी क्लॅरिनेट वाजवणारे गृहस्थ मान डोलावून म्हणाले, "वा साखरमास्तर!"

मी तिथंच ओळखलं, की गेला चित्रपट.

दिग्दर्शिका उशिरा पोचून नुकतीच काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसली होती. निर्माताही आला होता, हाताची घडी घालून. "चित्राबरोबर ऐकू," ती म्हणाली. वादकही आत आले. सगळे दाटीवाटीनं उभे राहिलो. मी दाराजवळ, पळायला सोयीचं म्हणून.

बोळ दिसला. बाई चालू लागली. व्हायोलिनं चढली. आणि मला जाणवलं, की बाई भराभर पुढं चालली आहे. मी जिथं तिला खिडकीपाशी थांबवलं होतं, तिथं ती थांबलीच नाही. खिडकीच नव्हती! बघता बघता तिचा हात कडीवर, सूर अजून दातओठ खात ताणलेले, कडी सरकली, दार उघडलं…

आणि काहीच नाही. संगीत कापल्यासारखं थांबलं. खुर्ची. भिंतीकडे तोंड.

क्लॅरिनेटवाल्यांच्या हातातलं बिस्किट तोंडाच्या वाटेवर तसंच राहिलं. निर्मात्याची घडी सुटली होती आणि त्यानं शेजारच्या व्हायोलिनवाल्या बाईंचा दंड धरला होता. बाईंनाही ते कळलं नव्हतं. आम्ही सगळे कानांनी पुढचा सूर शोधत होतो. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं.

"सर…" दिग्दर्शिकेनं वळून पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले होते. "तुम्ही शेवट काढलात."

मी विचारमग्न दिसलो.

"हो. म्हणजे, तसा विचार होताच."

"आणि मी पाठवलेला प्रसंगाचा नवा कट इतका नेमका पकडलात!"

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मधे तिनं काहीतरी पाठवलं होतं खरं. 'सर, बोळ छोटा केलाय, खिडकी काढली' असं ते असणार. मी समजलो होतो शुभेच्छा, आणि न उघडताच हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळा झालो होतो. मी जुन्या बोळासाठी लिहिलं. दार लवकर आलं. आणि दाराच्या पलीकडे उरलेला सूर, माझी ती दोन सुंदर, दयाळू मापं, रेकॉर्डिस्टनं उतू गेलेलं दूध पुसावं तशी पुसून टाकली होती. धंद्यातली ही नवशिक्याची चूक. नवशिके लाजतात, मी मान डोलावत होतो.

रेकॉर्डिस्ट जुना, मुरलेला गडी. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळं ओळखलं. सभ्य माणूस, जवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, वेळ आहे अजून. मधली मापं कमी करून पुन्हा घेऊ. तुमचा शेवट बसतो आरामात."

बसत होता. मलाही दिसत होतं कसा बसेल. इतकी वर्षं मी तो सूर कुणीही न मागता दिला होता, आणि आता तो नाकारायचा म्हणजे दारात आलेल्या लेकराला आत न घेण्यासारखं वाटत होतं. माझा उजवा हात खरोखरच खाली येऊ बघत होता. मी तो खिशात घातला.

"राहू दे," मी म्हणालो. "दारापर्यंतच राहू दे."

आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट अपुरी सोडली, आणि तीसुद्धा चुकून सापडलेली. निर्मात्यानं माझा हात हातात घेतला. "भयंकर," तो म्हणाला. मला कुणी इतकं गोड कधी बोललं नव्हतं.

घरी येताना मी हवेतच चाललो होतो. दारातच बायकोला लॅपटॉपसमोर बसवलं. या खेपेला तिच्या हातात इस्त्रीचे कपडे होते. बाई बोळात शिरली आणि घडी मंदावली. दार उघडलं आणि बायकोनं माझाच शर्ट छातीशी घट्ट धरला.

"बंद कर आधी ते!" ती ओरडली. "काय माणूस आहेस! आता मला गच्चीवर कपडे आणायला एकटीनं जायचंय!" मग पुढं होऊन तिनं एक चापट मारली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिचा राग मला असा मधासारखा लागला नव्हता.

"आता बाबा," मी म्हणालो.

"कशाला त्यांना?"

"अगं, त्यांनी एकदा म्हटलं पाहिजे."

बाबा खिडकीशी बसले होते. मी त्यांना हेडफोन चढवला, लॅपटॉप मांडीवर ठेवला आणि समोर स्टुलावर बसलो. त्यांच्याकडे बघत, निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्याकडे बघावं तसा. त्यांच्या चेहऱ्यावर बोळाचा निळा उजेड हलत होता. डावा हात मांडीवरून उचलला गेला आणि हवेत, खांद्याच्या जरा वर, न दिसणाऱ्या बासच्या मानेवर जाऊन बसला. बोटं खर्ज धरून होती. मग उजेड बदलला. दार उघडलं होतं. बोटं तशीच राहिली.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

लावलं. पुन्हा हात वर गेला, पुन्हा तिथंच थांबला.

"शेवटचा सूर कुठाय?"

"काढला, बाबा. म्हणजे खरं तर निसटला. मग मीच म्हटलं, राहू दे."

"मी बोट ठेवून बसलो होतो. खाली यायचं होतं." त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "आलंच नाही."

"मग? वाटली ना भीती?" मी विचारलं. हो, विचारलं. वाढदिवसाची भेट आणली का, असं पोरानं विचारावं त्या आवाजात विचारलं.

मी 'यात घाबरायचं काय' याची वाट बघत होतो. तेही चाललं असतं. मी हसून उठलो असतो. बाबांनी हेडफोन काढला. गुंडाळला नाही, तसाच गळ्यात राहू दिला.

"हे मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय?"

"हेच. पुढचं न येणं." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "मागं केस कापायला गेलो होतो. परत येताना औषधाच्या दुकानाशी आलो. तिथून वळतो मी. हात बासवर जसा आपोआप जातो, तसा पाय वळतो. त्या दिवशी वळला नाही. डावीकडे की उजवीकडे, काही येईना. दुकानदारानं खुर्ची दिली. त्याला वाटलं, दम लागला. मी म्हटलं, हो, दम लागला."

"होतं असं कधीतरी, बाबा. उन्हानं—"

"कधीतरी नाही." त्यांनी मला अलगद थांबवलं, ताफ्यात कुणी आधीच वाजवायला लागलं की थांबवत तसं. "हल्ली मी तुझ्या बायकोला सूनबाई म्हणतो. तिला त्याचं केवढं कौतुक. लाडानं नाही म्हणत मी. तिचं नाव ओठांपर्यंत येतं आणि तिथून पुढं नसतंच काही."

आतल्या खोलीतून इस्त्रीचा आवाज येत होता. कापडावरून सरकत जाणारा, थांबणारा. बाबांनी माझा उजवा हात धरला. चाळीस वर्षं तारा दाबून दगड झालेल्या बोटांनी.

"मला भीती वाटते रे," बाबा म्हणाले. "फार भीती वाटते."